चौघांचं लग्न

६ डिसेंबर २०२३

गेलो नाही. बाबा सकाळीच पांढरा सदरा घालून तयार होते, आई पांढऱ्या साडीत, उन्नतीच्या हातात मेणबत्त्यांचा पुडा. "विहारात येतं का रे?" बाबांनी दारातून एकदाच विचारलं. मी म्हणालो, डिलिव्हरी आहे. होती, हे खरं. संध्याकाळी दिली असती तरी चाललं असतं, हेही खरं.

सध्याची नोकरी ही — दुर्गच्या दुकानातून जनावरांची औषधं मोटरसायकलवर गावोगाव पोचवायची. त्याआधी सुरत. त्याआधी पुणे. रायपूरचं गोदाम. इथेच भिलाईच्या स्टील प्लान्टमध्ये ठेकेदाराकडे पाच महिने. तेवीस वर्षांचा झालो आणि कुठेही वर्ष काढलं नाही. बाबांनी कोक ओव्हनच्या धगीत छत्तीस वर्षं काढली. "तुया पायाले चाकं लागली," एवढंच म्हणतात. शिव्या देत नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

जंताचं औषध घेऊन शिवनाथ नदीच्या काठी गेलो. धान कापून मोकळ्या झालेल्या शेतात कच्छी मेंढपाळांचा डेरा. लहानपणापासून बघतोय यांना. काळ्या लोकरीतल्या बाया, उंटावर उलटी खाट, खाटेत पोरं आणि कोकरं. हायवेवर आपण हॉर्न मारतो आणि ते मान वळवत नाहीत. आज पहिल्यांदा आत पाऊल टाकलं.

मुखिया वेरसीभाई. दाढी पांढरी, पागोटं लाल, बोलणं मोजकं. त्याचा मुलगा वंका खाटेवर — ट्रकने उडवलं, पाय प्लास्टरमध्ये. "दवा पिलाना आता है?" वेरसीने विचारलं. मी म्हणालो, शिशीवर लिहिलंय, वाचतो. "तो पिला." झालं! ऊन उतरेपर्यंत मेंढ्यांचे जबडे उघडत बसलो. दुकानाचे सात मिस्ड कॉल. ऐकूच आले नाहीत.

८ डिसेंबर

परत गेलो. डिलिव्हरी नव्हती.

१२ डिसेंबर

दुकान सोडलं. हातचं सोडून पळत्याच्या पाठी — मला दुसरं येतंच काय!

वंकाचा पाय बरा होईस्तोवर डेऱ्यावर माणूस हवाय, असं घरी सांगितलं. आई कणीक मळता मळता थांबली. "मेंढ्या चारासाठी शिकवलं का तुले? कावून असा वागून राहिला रे नागसेन?" बाबांनी फक्त विचारलं, "किती दिवस?" मी खांदे उडवले. उन्नती तेवढी हसली. "दादा, उंटावरचा फोटो पाठवजो!" आणि तिच्या नर्सिंग कॉलेजचं अर्धं कोरं रजिस्टर मला दिलं. "लिहीत जाय. नाहीतर एक दिवस तुले तुयाच पत्ता नाई सापडायचा." आधीची सुटी पानं त्यातच चिकटवली, आता त्याच रजिस्टरात लिहितोय.

१९ डिसेंबर

पाठ मोडली. हात लोकरीच्या तेलाने बुळबुळीत. मेंढीला कुत्र्याइतकीही अक्कल नाही आणि तरी ती मला ओळखते — ओळखते म्हणजे, हा आपला नव्हे हे ओळखते. मी हाकललं की चारी दिशांना. वंका खाटेवरून एक शीळ घालतो, सगळ्या जागच्या जागी!

रात्री मेंढ्या शेतकऱ्याच्या शेतात बसवायच्या, खत मिळतं म्हणून तो तांदूळ देतो. चार दिवसांनी पुढचं शेत. कुठे जायचं ते वेरसी ठरवतो आणि कोणालाच आधी सांगत नाही. सकाळी बाया खाटा उंटावर बांधायला लागल्या की कळतं. मला हे फार आवडलं. कुठेच न टिकणाऱ्या माणसांचं अख्खं गाव आहे हे, आणि यांना कोणी नालायक म्हणत नाही.

वेरसीने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "कौन जात?" बाबांनी शिकवल्याप्रमाणे सरळ सांगितलं, बौद्ध. त्याने मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून माझा कप वेगळा, बाभळीच्या फांदीला टांगलेला. मी त्यातच चहा पितो. बाबांनी तो कप फेकून दिला असता आणि चालते झाले असते. मी नाही गेलो. कारण लिहून टाकतो — त्या कपात चहा ओतणारी पाबी आहे.

२० डिसेंबर

पाबी. वेरसीची मुलगी, वंकाची धाकटी बहीण. वीस वर्षांची. बेमेतऱ्याजवळ एका महुआच्या झाडाखाली जन्मली. कच्छ तिने पाहिलेलंच नाही! वाळवंटाची म्हणून मी जिच्याकडे बघत होतो ती छत्तीसगढी बोलते, बोरं खाते आणि विचारते, "समुंदर देखे हस?" बघितलाय, सुरतेला, म्हणालो. "अउ रेती?" नाही. "महूं नइ देखे हंव," म्हणाली, मीपण नाही, आणि तोंड फिरवून दोरी वळायला लागली.

हिंदीत लिहिलं तर वंका वाचेल. म्हणून मराठीत. मराठी कळणारी सगळी माणसं घरी आहेत.

३ जानेवारी २०२४

आज जे पाहिलं ते विसरणार नाही. एका मेंढीचं कोकरू पहाटे मेलं. दुसरं एक कोकरू आईविना. पाबीने मेलेल्याचं कातडं सोलून काढलं — हात जराही थरथरले नाहीत — आणि ते ओलं कातडं जिवंत कोकराच्या अंगावर सदऱ्यासारखं चढवून बांधलं. मेंढीने हुंगलं. परत हुंगलं. मग पाजायला उभी राहिली.

मला ओकारी आली. पाबी हसली. वंकाच्या बायकोने, लाखीने, पदराआड तिच्या तान्ह्याला पाजत सांगितलं, वास पटला की झालं, आठ दिवसांनी कातडं काढून टाकतात, तोवर ती त्याला आपलंच म्हणायला लागते.

वंकाने संध्याकाळी स्वतःची जुनी घोंगडी माझ्या अंगावर फेकली. "ले, पहन." घातली. मेंढ्या माझ्यामागे आल्या! सगळ्या! मी रडलो की काय कोण जाणे, डोळ्यात धूळ तर होतीच.

११ जानेवारी

फांदीवर कप नव्हता. पाबीने सगळ्यांसारख्याच वाटीत मलाही चहा दिला. वेरसीने पाहिलं. मग आपली वाटी पुढे केली.

२६ जानेवारी

शाळेतली पोरं झेंडे घेऊन रस्त्याने गेली. पाबीने विचारलं, "तोर घर कहां हे?" भिलाई म्हणालो. भिलाई तर केवढी, म्हणाली. ती वेशीवरून प्लान्टच्या चिमण्या बघते फक्त. मग मी बॉलपेनने तिच्या डाव्या हातावर पत्ता लिहिला — स्मृति नगर, गल्ली, घराचा नंबर. मनगटापासून वर, जिथे गोंदलेले ठिपके नाहीत त्या जागेत. तिच्या गळ्यावर, पायांवर, सगळीकडे गोंदण. वाचता येत नाही तिला. अक्षरांवरून बोट फिरवत राहिली.

काय हा पोरखेळ! दोन दिवसांत पुसून जाईल.

३० जानेवारी

पाबीच्या हाताला फडकं. हात सुजलाय. बाभळीचा काटा लागला म्हणते. दाखव म्हटलं तर दाखवेना. मलम दिलं.

१५ फेब्रुवारी

कवर्ध्याकडे सरकलो. समोर डोंगर. जंगल खात्याचे लोक आले, वेरसीला तासभर उभं ठेवलं. मी पुढे होऊन कागद वाचून दाखवला, त्यात चराईची मनाई पलीकडच्या पट्ट्यात होती, या बाजूला नव्हती. ते गेले. वेरसीने माझ्या खांद्यावर हात ठेवला. बाबांनी कधी ठेवला होता? आठवत नाही.

वंका काठी घेऊन चालायला लागलाय. म्हणजे माझी गरज संपत आली. कोणी जा म्हणत नाही. मी विचारत नाही.

१८ मार्च

कपाळाला फडकं बांधून लिहितोय.

दुपारी आभाळ हिरवट झालं. उंट आपणहून बसले. वेरसी ओरडला — खाट, खाट! बायांनी खाटांवर सगळ्या गोधड्या टाकल्या आणि कोकरं खाली ढकलली. मग गारा. लिंबाएवढ्या! मी सापडेल ते कोकरू उचलून खाटेखाली कोंबत होतो. कपाळ फुटलं. कोणीतरी पाय धरून मला आत ओढलं. पाबी.

खाटेखाली आम्ही दोघं आणि नऊ कोकरं. वर नुसता मारा. बोललेलं ऐकू येईना. तिने माझ्या कपाळावर ओढणी दाबून धरली. तिच्या अंगाला धुराचा आणि ओल्या लोकरीचा वास. तिने कानाशी तोंड आणून सांगितलं, कृष्णाच्या आठमीला कच्छला तिचं लग्न. लाखीच्या भावाशी, हमीरशी. पाळण्यात असतानाच ठरलेलं. आठमीच्या एका दिवशी त्यांच्याकडची सगळी लग्नं लागतात. मग म्हणाली, "मोला लेग जाबे?"

मला घेऊन जाशील?

हो म्हणालो. मोठ्याने. दोनदा.

गारा थांबल्या. चाळीसेक मेंढ्या मेल्या होत्या. वेरसी एकेकीच्या कपाळाला हात लावत फिरत होता. आणि मी त्या सगळ्यात सुखात होतो! हेही लिहून ठेवतो, नंतर नाकारीन म्हणून.

२० मार्च

वेरसीला विचारलं. सरळ. आमच्या घरी तसंच असतं. बाबांनी आईला पंचवीस माणसांत, एक हार घालून आणलं, दोघांच्या सह्या झाल्या, चहा झाला, संपलं. लग्न दोघांचं. मला वाटायचं जगात सगळीकडे तसंच.

वेरसी रागावेल वाटलं होतं. नाही रागावला. दोरी वळत होता, ती खाली ठेवली.

"हमारे में शादी दो की नहीं, चार की होती है," म्हणाला. मग सांगत गेला. लाखी या घरात आली, त्याच्या बदल्यात पाबी त्या घरात जाणार. साटं. पाबी गेली नाही तर लाखीचा बाप येईल आणि लाखीला उठवून नेईल. पोरगं राहील वंकाकडे, आई जाईल तिकडे. "एक खूंटा निकालेगा तो पूरा तंबू गिरेगा."

लाखी तिथेच चुलीपाशी होती. तान्हं मांडीवर. तिने मान वर केली नाही.

मग वेरसीने विचारलं, "तेरे घर बहन है?"

आहे म्हणालो.

"तो हमीर को बहन दे. पाबी ले जा."

हसत म्हणाला का? दाढीमुळे कळलं नाही.

२१ मार्च

हे लिहू नये. पण दुसरं कोणाला सांगू?

सकाळी चहा ठेवला आणि डोक्यात उन्नती आली. हमीरकडे स्वतःचा पिकअप आहे. पक्कं घर आहे. पाबीच म्हणते, माणूस स्वभावाने गरीब आहे, कधी हात उचलणार नाही. उन्नती नर्स होणार — तिकडे वीस कोसांत दवाखाना नाही, तिला किती मान मिळेल. बाबांना कसं सांगायचं त्याची वाक्यंसुद्धा तयार झाली. "बाबा, जात मोडायची तर दोन्ही बाजूंनी मोडू." वा! काय बोललो! स्वतःच्या बहिणीला पारड्यात टाकून मी भाषण करत होतो.

चहा उतू गेला तेव्हा भान आलं. तेवढा वेळ. चहाला उकळी फुटायला लागतो तेवढा. पण तेवढा वेळ मी खरंच हिशेब जमवत होतो, आणि तो जमत होता. मला त्यात काही वाईट वाटत नव्हतं.

बाबा ज्या गोष्टीविरुद्ध आयुष्यभर बोलत आले — माणूस म्हणजे काय दावणीचं जनावर आहे? — तीच मी केली. मनातल्या मनात, पण केली.

पान फाडणार होतो. राहू दे. कोण वाचतंय?

२५ मार्च

होळी. कोणी रंग खेळलं नाही. मेलेल्या मेंढ्यांचं सुतक असल्यासारखं.

लाखीचं पोर माझ्याकडे येतं आता. माझं बोट तोंडात घालतं. दोन दात.

२ एप्रिल

डेरा सोडला.

सकाळी बाया खाटा बांधायला लागल्या. वंका म्हणाला, मी आता चालू शकतो. त्यात सगळं आलं. मी घोंगडी घडी करून त्याच्या खाटेवर ठेवली. त्याने ती परत माझ्या हातात दिली.

पाबी उंटाची वेसण धरून उभी. मी जवळ गेलो. लाखीचं नाव घेतलं. पोराचं घेतलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "ते हव कहे रेहे." तू हो म्हणाला होतास. एवढंच. रडली नाही. डाव्या हाताची बाही ओढून घेतली आणि उंट उठवला.

मी पोराला आई ठेवली. असं बसमध्ये स्वतःला सांगत आलो. दुर्ग येईपर्यंत पटलंही. पण खरं सांगायचं तर निम्मा त्याग, निम्मं भ्यालो. पाबीला घरी आणून मी काय करणार होतो? कुठल्या नोकरीवर? कुठल्या तोंडाने? मी तर स्वतःलाच कुठे ठेवू शकत नाही.

१४ एप्रिल

जयंती. निळे झेंडे, ढोल, सगळी गल्ली रस्त्यावर. बाबांनी यंदा भाषण केलं. मी खुर्च्या मांडल्या. उन्नतीने कपाळावरची खूण पाहिली. "टाके मारायले पायजे होते. कोणं बांधलं होतं?" मी सांगितलं, डेऱ्यावरच्या एका बाईनं. उन्नती माझ्याकडे बघत राहिली. "बाई?" चोराच्या मनात चांदणं! मी खुर्च्या मोजायला लागलो.

९ मे

काही नाही. झोपतो. आई ताट झाकून ठेवते.

४ जून

दुर्गला जुन्या दुकानात गेलो होतो. मालक म्हणाले, तुझा वेरसी आला होता औषधाला. मुलीला कच्छला पाठवली म्हणे, आठमीला लग्न.

पाठवली.

मी दुकानाच्या पायरीवर बसलो. दोन महिने मी स्वतःला त्यागमूर्ती समजून गादीवर लोळत होतो. आणि ती त्या रेतीत गेली, जी तिने कधी पाहिली नाही.

५ जून

निघतोय. तिथे जाऊन काय करणार, माहीत नाही. हमीरच्या पाया पडेन. लाखीच्या बापाच्या पाया पडेन. माणसंच आहेत ना? लाखीला राहू द्या आणि पाबीला सोडा, एवढं सांगेन. ऐकलं नाही तर पाबीला नुसतं बघेन तरी.

जुनं रजिस्टर भरलं, ते गादीखाली ठेवलं. ही नवी वही स्टेशनवर घेतली. आई दारात आली. "आता कुठं?" गुजरात, म्हणालो. बाबा पेपरातून वर न बघता म्हणाले, "जाऊ दे त्याले. चाकं हायेत." उन्नती कॉलेजात होती. तिला सांगायचं राहिलं.

८ जून

कच्छमध्ये, रापरच्या पलीकडे. गावाचं नाव माहीत नाही, नुसतं हमीर. इथे दर दुसरा माणूस हमीर!

सपाट. इतकं सपाट की पाय कुठे ठेवू कळत नाही. जमीन पांढरी, खारी, भेगाळलेली. वेडी बाभूळ सोडली तर उभं असं काही नाही. भिलाईत कुठूनही चिमणी दिसते, म्हणून दिशा कळते. इथे आपणच चिमणी.

१९ जून

काम मिळालं. जेसाबापा म्हणून म्हातारा आहे, त्याचे तीस उंट कच्छच्या रणाच्या काठाला. एक झोपडी, काट्यांचं कुंपण, पाण्याची टाकी. सांगितलं, मेंढ्या चारल्यात. त्याने माझ्या अंगावरची घोंगडी हुंगली! "वागड की ऊन," म्हणाला, म्हणजे इकडचीच लोकर, आणि ठेवून घेतलं. वंकाच्या घोंगडीने इथेही पोट भरलं.

उंट सोडायचे, पायांच्या ठशांवरून शोधून आणायचे. प्रत्येकाचा ठसा वेगळा. मला अजून सगळे सारखेच दिसतात. चालत राहतो. डोळ्यांसमोर पाणी चमकतं, गेलं की नसतं. हे ऐकून होतो. तरी गेलो. तीनदा.

१४ जुलै

प्रत्येक येणाऱ्याला विचारतो. छत्तीसगढवाला वेरसी? त्याच्या साट्यातला हमीर? लोक हसतात. जेसाबापा म्हणाला, पोरा, तू उंट शोधत नाहीस, हे मला पहिल्या दिवशीच कळलं.

काल वादळात रेती दात-जिभेपर्यंत. दोन उंट हरवले. दिवसभर पाण्याविना हिंडलो. पडलो तेव्हा वाटलं, संपलं. आणि डोक्यात काय यावं? आईने झाकून ठेवलेलं ताट. मग उंटिणीनेच मला शोधलं म्हणायचं. हुंगत आली. घोंगडीचा वास.

८ ऑगस्ट

आठम अठरा दिवसांवर. गाव कळलं! इथून दोन दिवसांची वाट. एका ट्रकवाल्याने सांगितलं, हमीर, पिकअपवाला, बहीण छत्तीसगढला दिलेली. तोच.

जेसाबापाचा पाय सुजलाय. त्याचा पुतण्या येईपर्यंत उंट टाकून जाता येणार नाही. जाता येईल — पण पुन्हा एकदा मध्येच सोडून? नाही. या वेळी नाही. हवं तर याला शहाणपण म्हणा.

२२ ऑगस्ट

पुतण्या आला. निघतोय. चार दिवस हातात.

२४ ऑगस्ट

गावाच्या वेशीवर नाव विचारलं आणि धरलं त्यांनी मला. भिलाईचा म्हटल्याबरोबर दोघांनी हात मागे पिरगाळले. हमीरच्या दारात नेऊन बसवलं. आधी पाणी दिलं. मग म्हातारा, लाखीचा बाप, काठी घेऊन समोर बसला. "लड़की कहां है?"

मला वाटलं मीच काहीतरी चुकीचं ऐकलं. मी म्हणालो, तेच विचारायला मी आलोय.

हमीर बाहेर आला. किरकोळ माणूस, माझ्याच वयाचा. मला मारलं नाही. शांतपणे सांगितलं. नऊ जूनला वेरसीने तिला दुर्ग स्टेशनवर काकाबरोबर गाडीत बसवलं. काका पाणी भरायला उतरला. परत चढला तर पाबी नव्हती. "हम तो समझे तेरे पास है."

नऊ जूनला! दुकानदार 'पाठवली' म्हणाला होता चार तारखेला. पाठवली की पाठवणार, एवढंसुद्धा मी धड विचारलं नाही. ती दुर्गात गाडीतून उतरली तेव्हा मी इथे हमीर नावाची माणसं मोजत होतो.

आणि ओसरीत लाखी. जुलैत बाप जाऊन तिला घेऊन आला. एकटीला. पोर तिकडे, वंकापाशी. ती खांबाला टेकून बसली होती, ओळख न दिल्यासारखी. काळ्या कपड्यावर छातीपाशी दुधाने भिजून वाळल्याचे पांढरट डाग. ज्या पोराच्या आईसाठी मी पाबीला सोडलं, त्याची आई इथे.

मी तिच्यासमोर बसलो. ती एकच बोलली — "दांत कितने हुए होंगे?"



२६ ऑगस्ट

आठम. गाडीत. प्रत्येक स्टेशनावर ढोल. खिडकी लावून घेतली.

दुर्गला उतरली म्हणजे कुठे गेली असेल? डेऱ्यावर नाही. ओळखीचं तिचं तिथे कोण? मी. फक्त मी. आणि पत्ता तर केव्हाच पुसला असेल.

२८ ऑगस्ट

घरी. उन्नतीने दार उघडलं, पाणी दिलं, आत गेली आणि जुनं रजिस्टर आणून माझ्यापुढे ठेवलं. २१ मार्चचं पान उघडं.

"नऊ जूनले आली होती ते," म्हणाली. "बोलली काईच नाई, हात पुढं केला. गोंदवलं होतं, दादा. स्मृति नगर, गल्ली, नंबर — तुयाच अक्षरात. अन् मी हे पान आदल्या दिवशीच वाचलं होतं. मी म्हटलं, इथं नागसेन नावाचं कोणी राहत नाई. भिंतीवर तुया फोटो होता. तिनं पायला. पाणी पिलं अन् उठली."

कोणत्या बाजूने गेली, एवढंच मी विचारलं.

"मी दार लावून घेतलं होतं."